बारा लाखांचं त्रैराशिक

आमच्या अंकिताला फोटोग्राफी आणि फिल्मच्या पदवीला घालावं की घालू नये, हा प्रश्न मी त्रैराशिकानं सोडवायला घेतला, तिथंच सगळं बिघडलं. घरात दुसऱ्या कुणावर सोपवला असता तर तो दोन दिवसांत, फार तर थोडी रडारड होऊन, मिटला असता. पण मी उंब्रजच्या हायस्कूलात गणित शिकवतो. भावनेच्या भरात निर्णय घेणं मला जमत नाही आणि जमलं तरी ते मी शाळेत कळू देणार नाही.

पुण्याच्या एका खासगी कॉलेजात तिची निवड झाली होती. तीन वर्षांचा कोर्स. तीस जूनच्या आत पहिला हप्ता भरायचा, नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला. मे महिना निम्मा उलटला होता. खर्चाची बाजू सोपी होती, ती माहितीपत्रकातच छापली होती. पहिल्या पंधरा पानांवर विद्यार्थी हिरवळीवर बसून हसत होते, फीच्या पानावर मात्र कुणाचाच फोटो नव्हता. फी, वसतिगृह, मेस, कॅमेरा आणि लॅपटॉप धरून सतरा लाख. त्यातले पाच माझ्या फंडातून आणि उरलेले बारा बँकेतून. शिक्षण होईतो व्याज चढत जाणार, म्हणजे पुढं दहा वर्षं महिन्याला एकोणीस हजार नऊशे रुपये हप्ता. बँक त्यासाठी आमचं तीन खोल्यांचं घर लिहून घेणार होती.

अडचण होती ती कमाईच्या बाजूची. माहितीपत्रकात लिहिलं होतं, ‘संधी अमर्याद.’ अमर्याद हा काही आकडा नव्हे. तो मी मुलांच्या पेपरातसुद्धा चालवून घेत नाही.

आमच्या शेजारी नाथाजी राहतात. सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि तेव्हापासून रोज सकाळी आमचा पेपर आमच्या आधी वाचतात. जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांच्याकडं भरती हे एकच उत्तर असतं.

“सर, पोरगीला पोलीस भरतीला घाला,” ते म्हणाले. “फोटो काय, कुनीबी काडतंय. परवा माझी म्हस मोबाईलवर बसली, तर तिनंबी दोन काडलं.”

“पण तिला आवड आहे.”

“आवड म्हनून कुनी सतरा लाख घालतंय व्हय? मला जिलबी आवडती, म्हनून मी कडई घितली का?”

हा युक्तिवाद खोडता येईना, म्हणून मी पाहणी करायचं ठरवलं. फोटोवाल्यांना भेटायचं, कमाई विचारायची, सरासरी काढायची. मतदार यादीच्या कामाचं एक निळं, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घरात पडलं होतं. त्यात मी रकाने आखले आणि एस.टी. स्टँडजवळ मौलाभाईंच्या स्टुडिओत गेलो. उंब्रज आणि आसपासच्या गावांतलं लग्न, बारसं, पासपोर्ट आणि वाढदिवसाचा फ्लेक्स मौलाभाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय पुरा होत नाही. तीस वर्षांचा धंदा.

“मौलाभाई, महिन्याला किती सुटतात?”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, रजिस्टरकडं पाहिलं आणि उठून दोन पंख्यांपैकी एक बंद केला.

“कशाचं सुटतंय, सर. लाइट बिल निगंना. मोबाईल आल्यापास्नं कोन इचारतंय आमास्नी?”

ते असं बोलत असतानाच एक गृहस्थ आले आणि लग्नाचा इसार म्हणून पाचशेच्या नोटांची गड्डी ठेवून गेले. मौलाभाईंनी ती काउंटरखाली सरकवली आणि म्हणाले, “उसनं दिल्यालं हुतं, परत आलं.”

मग मी कऱ्हाडला गेलो, साताऱ्याला गेलो. सगळीकडं तोच अनुभव. आमच्या भागात शिक्षक रजिस्टर घेऊन दारात आला, की माणसांना जनगणना तरी आठवते नाही तर वसुली. एकानं आपल्या म्हाताऱ्या आईला बाहेर आणून माझ्यासमोर उभं केलं. दुसऱ्यानं पिवळं रेशनकार्ड कधी मिळेल ते विचारलं आणि माझ्या रजिस्टरात स्वतःच्या हातानं ‘भूमिहीन’ असं लिहिलं. आठ दिवसांनी सरासरी काढली, तेव्हा सातारा जिल्ह्यातले सात फोटोग्राफर महिन्याला दोन हजार तोट्यात धंदा करत होते. सातांपैकी चौघांच्या दारात चारचाकी होती, पण गाडीसाठी मी रकाना केला नव्हता.

“रजिस्टर घिऊन गेल्यावर मानूस खरं सांगंल व्हय?” नाथाजी म्हणाले. “फौजेत आमी असल्या कामाला साध्या कपड्यात जायाचो.”

नाथाजी फौजेत भांडारात होते. साध्या कपड्यांत ते फक्त रजेवर यायचे. पण मुद्दा मला पटला. दुसऱ्या फेरीला मी रजिस्टर घरी ठेवलं आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. रिकाम्या हातानं जाऊ नका, असं मंगल म्हणाली. मंगल म्हणजे आमची मंडळी. म्हणून प्रत्येक ठिकाणी पाव किलो कंदी पेढे नेले. या खेपेला लपवाछपवी नाही, कारणही सरळ सांगायचं, असं मी ठरवलं होतं. “मुलीला या लाईनला शिकवायचंय, म्हणून जरा माहिती हवी होती,” असं मी जाईल तिथं म्हणालो.

माहिती नुसत्या कमाईची घेऊन भागत नाही. वय विचारावं लागतं, कारण अनुभवाप्रमाणे कमाई वाढते. घर स्वतःचं की भाड्याचं, हे विचारावं लागतं, कारण भाडं खर्चात येतं. डोक्यावर कर्ज आहे का, आईवडील सांभाळायचे आहेत का, भावंडं किती, शेती बागायत आहे का, हे सगळं विचारल्याशिवाय निव्वळ शिल्लक काढता येत नाही. मी हे सगळं विचारलं आणि लोकांनीही हसतमुखानं, चहा पाजून सांगितलं. दोन ठिकाणी तर खायला घातलं. मौलाभाईंनी यावेळी दोन्ही पंखे लावले.

“माझं ऱ्हाऊ द्या सर, माझं वय झालं,” ते पेढा खात म्हणाले. “मी तुमास्नी तरनी पोरं सांगतो. निरव्यसनी. आपल्या लॅबला अल्बम छापाय येत्यात सगळी. सांगलीपतूर पोरं हायत.”

“पण मला शिक्षणाच्या दृष्टीनं…”

“कळलं की. हे असंच शांतीनं बगायचं असतंय.”

मौलाभाईंच्या यादीमुळं कामाला वेग आला. मला हिंडायचीही गरज उरली नाही, आकडे घरपोच मोबाईलवर येऊ लागले. दहा दिवसांत अकरा जणांनी छापील माहिती पाठवली. नाव, वय, शिक्षण, व्यवसाय, मासिक उत्पन्न, सगळं नीट रकान्यांत. असा शिस्तशीर धंदा मी दुसरा पाहिला नाही. मी फक्त उत्पन्नाचा रकाना पाहत गेलो. सरासरी आली अठ्ठ्याहत्तर हजार. हप्ता जाऊन अठ्ठावन्न हजार शिल्लक! माझ्या स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर हातात येणारी रक्कम त्याहून कमी आहे, पण ते मी मनाला लावून घेतलं नाही. रात्री जेवताना मी जाहीर केलं, की बँकेचा फॉर्म आणायला हरकत नाही. अंकितानं आनंदानं ताट उचलून माझंही घासलं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मौलाभाईंचा फोन आला. “सर, उद्या सांगलीचा पृथ्वीराज येतोय. पदवीवाला हाय, पुन्याला शिकलेला. समक्षच बोला. संगट आई हाय त्येची, शालूबाई.”

पदवीवाला! आतापर्यंत मी भेटलेले सगळे हातानं शिकलेले होते. मला हवा होता तो नेमका हा नमुना. मी आनंदानं हो म्हटलं आणि त्याची माहिती मंगलला दाखवली. ती चष्मा लावून बराच वेळ वाचत राहिली.

“अहो, ह्यात देवक कशाला लिहिलंय?”

“असेल. हल्ली सगळी माहिती देतात.”

“आणि रास? आणि उंची पाच फूट आठ इंच? ही कॅमेऱ्याची हाय का?” तिनं बाकीच्या दहा जणांचे कागद वर सरकवले. शेवटच्या कागदावर ‘अपेक्षा : गृहकृत्यदक्ष’ असं होतं. “अहो, तुम्ही पोरीसाठी नवरे बघत हिंडताय. सातारा नि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत!”

मी खाली बसलो. पांढरा शर्ट, पेढ्यांचा बॉक्स आणि बागायत किती हा प्रश्न, असा मी दारोदार फिरलो होतो. मुलीला या लाईनला शिकवायचंय, हे वाक्य मी खरंच बोललो होतो, पण आमच्याकडं मुलीचा बाप सुरुवातीला असंच काहीतरी बोलतो, हे सगळ्यांना माहीत होतं. मला तेवढं माहीत नव्हतं. शाळेत कुणाला कळलं असेल का, ही पहिली चिंता मनात आली, आणि मुख्याध्यापकांनी परवा उगाच ‘काय सर, उन्हाळ्यात बरीच धावपळ?’ असं विचारल्याचं आठवलं.

अंकिता आधी लाल झाली, मग हसत सुटली आणि मग कागदावरचं कॉलेजचं नाव वाचून गंभीर झाली. “येऊ दे त्याला. तो माझ्याच कॉलेजचा आहे, पप्पा. मला कोर्सचं विचारायचंय.” नाथाजींचंही मत पडलं, की निगालेल्या पावन्याला परत लावायचं न्हाई. आणि खरं सांगायचं तर पदवीवाल्याचा आकडा सोडवत मलाही नव्हता. दारातच सगळा खुलासा करायचा, असं ठरवून मी झोपलो.

दारात खुलासा करायला जागा मिळाली नाही. भाड्याच्या गाडीतून शालूबाई उतरल्या त्या थेट आत आल्या, मंगलच्या हातात नारळ दिला आणि भिंती बघत कोचावर बसल्या. मागून पृथ्वीराज आला. सत्तावीसेक वर्षांचा, सडपातळ, लग्नात फोटो काढणाऱ्याला लग्नात बसवल्यावर तो जसा दिसेल तसा. नाथाजी वडीलधारे म्हणून आधीच खुर्चीत होते. पोहे आले. मी घसा साफ केला.

“हे बघा, थोडा गैरसमज झालाय. मला फक्त कमाईविषयी…”

“इचारा की,” शालूबाई म्हणाल्या. “त्यात काय लपवायचं? म्हयन्याला लाख सुटत्यात.”

माझा हात रजिस्टरकडं गेला. ते कोचाखालीच होतं. “एकूण लाख की खर्च वजा जाता?”

“वजा जाता!”

“आणि शिक्षणाचं कर्ज?”

“कसलं कर्ज? कवाच फिटलं.”

“ड्रोन सोताचा हाय का?” नाथाजींनी मध्येच विचारलं.

“दोन हायत,” शालूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात अंकिता चहा घेऊन आली आणि ट्रे खाली ठेवता ठेवताच तिनं विचारलं, “तुम्ही आमच्या कॉलेजचे ना? मला तिथं ॲडमिशन मिळालीये. तीस तारखेपर्यंत पैसे भरायचेत. पप्पा त्यासाठीच सगळ्यांना विचारत फिरताहेत. घर बँकेला लिहून द्यायचंय. खरं किती मिळतात, ते सांगाल?”

पृथ्वीराजनं पोह्याची ताटली खाली ठेवली. एकदा आईकडं पाहिलं.

“घर लिहून देणार हाय?”

“हो.”

“मग लिहा, सर,” तो माझ्याकडं वळला. “मागच्या साली चार लाख दहा हजार आले. त्यातनं कॅमेरा भाड्यानं, जोडीदाराची मजुरी, पेट्रोल, अल्बमची छपाई गेली. राह्यले दोन लाख चाळीस. म्हंजे महिन्याला वीस हजार. हप्ता साडेसोळा हजार. अजून सहा वर्षं हाय. ड्रोन एकबी न्हाई. एक होता, तो तासगावात लग्नाच्या मांडवावरनं उडाला तो विहिरीत गेला.”

मी लिहीत होतो. महिनाभरात मला मिळालेली ही पहिली खरी ओळ होती आणि ती लिहिताना माझे कान तापले होते, कारण समोर त्याची आई बसली होती.

“आरं, लगीन ठरंपतूर तरी गप बसायचं हुतंस की रं!” शालूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “चौथं ठिकान हे. परत्येक ठिकानी ह्यो असंच करतोय.”

“ह्या खेपंला लग्नासाठी न्हाई सांगितलं, आई.”

मंगल उठली आणि शालूबाईंच्या शेजारी जाऊन बसली. मुलीच्या शिक्षणाचं, माझ्या पाहणीचं सगळं तिनं त्यांना पहिल्यापासून सांगितलं. शालूबाई ऐकत गेल्या आणि शेवटी मला म्हणाल्या, “आवं मास्तर, मग पेढं कशाला वाटत हिंडलासा?” जाताना मंगलनं त्यांची ओटी भरली. पृथ्वीराज अंगणात अंकिताला कोणते विषय घ्यायचे, कुठली जुनी लेन्स घेतली तर चालते, असं बराच वेळ सांगत उभा होता. त्यानं तिला काही भुलवलं नाही. तिसऱ्या वर्षाला शिकवायला धड कुणी नसतं, हेही सांगितलं.

संध्याकाळी मी गणित पुरं केलं. वीस हजार वजा एकोणीस हजार नऊशे. बाकी शंभर रुपये. शंभर रुपयांत महिना काढायचा आणि तो दहा वर्षं काढायचा. मी अंकिताला बोलावलं, रजिस्टर समोर ठेवलं आणि शाळेत निकाल सांगतो त्या आवाजात सांगितलं, की हे जमण्यासारखं नाही. आकडे माझे नाहीत, माझा काही राग नाही.

ती रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं रजिस्टर ओढून घेतलं, पृथ्वीराजच्या शेजारचा रकाना रिकामा होता, त्याच्यावर ‘पप्पा’ असं लिहिलं आणि मला विचारू लागली.

“बी.एड.ला किती लागले?”

“साठ हजार. त्याचा काय संबंध?”

“संस्थेला किती दिले?”

मी मंगलकडं पाहिलं. “तीन लाख,” मंगल म्हणाली. “माझ्या पाटल्या नि दादांकडनं हातउसने.”

“नोकरीला कधी लागलात?”

“दोन हजार चार.”

“पहिला पगार?”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की विनाअनुदानित शाळा म्हणजे जिथं शिक्षक असतात, मुलं असतात, तपासणी असते, झेंडावंदनही असतं, फक्त पगार नसतो. अनुदान येणार असतं. आम्ही आठ शिक्षक ते येण्याची वाट बघत बारा वर्षं शिकवत होतो. त्या काळात मी पोटापुरत्या शिकवण्या घेत होतो, आणि त्याला कमाई म्हणायचं तर मौलाभाईंचा पहिला आकडाही खरा धरावा लागेल.

“दोन हजार सोळा,” मी म्हणालो. “तोही वीस टक्के.”

अंकितानं बारा वर्षांपुढं बारा शून्यं काढली. अक्षर तिचं माझ्यासारखंच आहे. मग बेरीज केली, तीन लाख साठ हजार वजा केले आणि रजिस्टर माझ्याकडं फिरवलं. “तुमच्या रीतीनं, पप्पा, तुम्ही शिक्षक व्हायलाच नको होतं.”

“तेव्हाची गोष्ट वेगळी होती.”

“काय वेगळी होती?”

“मला खात्री होती, अनुदान येईल.”

“कशावरून?”

खात्री कशावरूनच नव्हती. मला शिकवायला आवडत होतं आणि सकाळी आंघोळ करून शाळेत जायला आवडत होतं, एवढंच खरं होतं. हे बोलायची मला फार लाज वाटली.

“मी दर सोमवारी विचारायची, अनुदानाचं काय झालं म्हणून,” मंगल म्हणाली. “हे म्हणायचे, येईल. मग मी डबा भरून द्यायची. काय करणार?” ती उठून दिवाबत्तीला गेली. त्या बारा वर्षांबद्दल ती एवढंच बोलली, यापेक्षा जास्त कधीच नाही. मी पाणी पिण्याच्या निमित्तानं स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

एकवीस जूनला मी आणि अंकिता कऱ्हाडला बँकेत गेलो. घराचा उतारा, माझ्या पगाराच्या स्लिपा, निवडीचं पत्र, सगळं क्रमानं लावून नेलं होतं. साहेब तरुण होते, बोलायला बरे होते. फॉर्मच्या चौथ्या पानावर एक रकाना होता : अभ्यासक्रमानंतर अपेक्षित मासिक उत्पन्न. मी पेनाचं टोपण काढलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, वीस हजार.

साहेबांनी ते वाचलं आणि फॉर्म माझ्याकडं परत सरकवला. “सर, यात कर्ज बसत नाही. हप्ताच जवळजवळ तेवढा आहे.”

“पण खरा आकडा आहे. मी महिनाभर पाहणी केलीय.”

“खरा असेल हो. पण वर पाठवलं तर परत येईल. मग तीस तारीख काही गाठता येणार नाही.” त्यांनी एक कोरा फॉर्म माझ्यापुढं ठेवला.

शेजारी अंकिता हातात हात घट्ट धरून बसली होती. माझ्याकडं बघत नव्हती, समोरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

आधी उत्तर बघून मग पायऱ्या उलट्या लिहिणारी मुलं मला दुरून ओळखू येतात. बावीस वर्षं मी त्यांचे मार्क कापत आलोय, एकाचीही गय केलेली नाही. मी साहेबांना विचारलं, “किती असलं म्हणजे बसतं?”

“पन्नासच्या वर असावं.”

मी नवा फॉर्म पहिल्यापासून भरला. चौथ्या पानावर आलो आणि लिहिलं, बावन्न हजार सातशे. गोल आकडा खोटा वाटतो, हे मला पेपर तपासून तपासून माहीत होतं. खाली सही केली, सहीचं अक्षर काही हललं नाही. साहेबांनी फॉर्म वाचला, मान हलवली आणि शिक्का मारला.

बाहेर आल्यावर अंकितानं विचारलं, “पप्पा, बावन्न हजार सातशे कुठून आले?”

“ते आता तू बघायचं,” मी म्हणालो आणि उंब्रजची एस.टी. लागली होती, तिच्याकडं चालू लागलो.